टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धा व आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मंडळातल्या एकीने चूल आणि मूल सोडून दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलावे, अशी आपली रीत आहे. यंदा माझी पाळी आली आणि मी विषय सांगितला, ‘टेनिसच्या मोठ्या स्पर्धा’. सगळ्याजणी हसल्या. एक काकी तर म्हणाल्या, “अगं, आपल्या कापड्यात टेनिस कुणी खेळलंय का कधी?” खरे आहे, कुणी खेळलेले नाही. पण टेनिसचा चेंडू नाही असे एक तरी घर मला कापड्यात दाखवा! आपली पोरे क्रिकेट खेळतात ते त्याच चेंडूने, आणि कौलांवर जाऊन बसलेला चेंडू काढायला शिडी लावावी लागते ती आपल्यालाच. चेंडू इतकी वर्षे घरात आहे, तेव्हा त्याचा खेळ कोणता हे एकदा ऐकून घ्यायला हरकत नसावी. मी सातवी शिकलेली बाई. बोलण्यात अडखळले तर सांभाळून घ्या.

माझे वडील मुंबईला एका जिमखान्यात माळी होते. आपल्या पोलादपूर तालुक्यातले कितीतरी पुरुष गिरणीत गेले, गोदीत गेले, हॉटेलात गेले. माझ्या वडिलांच्या वाट्याला टेनिसचे मैदान आले. ते त्याला कोरट म्हणत. पहाटे उठून मातीवर पाणी मारायचे, रूळ ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी ताणून बांधायची. ते म्हणत, खळे करणे आणि कोरट करणे यांत फरक एवढाच, की खळ्यावर आपले भात पडते. पावसाळ्यात ती मातीची मैदाने बंद राहत, म्हणून ते लावणीला गावी येत. येताना पिशवीत टाकून दिलेले, लव झडलेले दोन-चार चेंडू असायचे. रात्री बाहेर पाऊस कोसळत असताना ते आम्हां भावंडांना तिथल्या खेळाच्या गोष्टी सांगत. विंबल्डन हे नाव मी तिसरीत असताना त्यांच्याच तोंडून ऐकले. मला ते एखाद्या देवस्थानाचे नाव वाटले होते.

तर मोठ्या स्पर्धा चार. त्या चारींना मिळून ग्रँड स्लॅम म्हणतात. लक्षात ठेवायला मी आपले पंचांगच धरले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, पहिली ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी. मृगाच्या तोंडावर, मे संपता संपता, दुसरी फ्रान्समध्ये पॅरिसला. लावणीच्या ऐन गर्दीत, आषाढी एकादशीच्या आगेमागे, तिसरी लंडनला, तेच विंबल्डन. आणि गौरीगणपतीच्या सुमारास चौथी अमेरिकेत न्यूयॉर्कला. अधिक महिना आला की थोडे मागेपुढे होते, तेवढे चालवून घ्या.

चारी ठिकाणची जमीन सारखी नाही, हे मला फार आवडते. विंबल्डनला हिरवळ असते आणि तिथले गवत आठ मिलिमीटर उंचीवर कापतात, म्हणजे आपल्या कणगीतल्या भाताच्या दाण्याएवढेच म्हणा ना. पॅरिसला लाल माती. ती खरे तर विटांचा बारीक चुरा असतो. त्या मातीवर चेंडू जरा सावकाश येतो आणि उंच उसळतो, म्हणून तिथे दमदार माणसाचे काम. मेलबर्न आणि न्यूयॉर्कला आता पक्की, टणक मैदाने आहेत. पूर्वी दोन्हीकडे गवतच होते. एका जमिनीवरचा पटाईत दुसऱ्या जमिनीवर पडतो. आपल्याकडे नाही का, माहेरी खाचरात सराईत असलेली मुलगी सासरच्या वरकसावर पहिले वर्षभर चाचपडते!

विंबल्डन सर्वांत जुनी, १८७७ सालची. तेव्हा फक्त पुरुष खेळत. बायकांना तिथे १८८४ साली वाव मिळाला. तेराजणींनी नावे दिली आणि शेवटच्या सामन्यात समोरासमोर आल्या त्या सख्ख्या बहिणी, मॉड आणि लिलियन वॉटसन. मॉड जिंकली. अमेरिकेची स्पर्धा १८८१ची, फ्रान्सची १८९१ची, ऑस्ट्रेलियाची १९०५ची. हल्ली प्रत्येक स्पर्धेत एकेरीला १२८ बायका आणि १२८ पुरुष असतात. एक सामना हरला की परतीची वाट. ओळीने सात सामने जिंकेल तीच विजेती. दोन आठवड्यांत सगळा निकाल लागतो.

आता मोजणी थोडी सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ती लागणार आहे. एक, दोन, तीन असे न मोजता पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात. असे चार गुण मिळवले की एक गेम. मात्र दोघी चाळिसावर आल्या तर पुढे दोन गुणांची आघाडी लागते. सहा गेम आधी जिंकेल तिचा सेट. पण इथेही दोनाने पुढे असायला हवे. बायकांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकायचे. हल्ली गेम सहा-सहा असे बरोबरीत आले की एक लहान गेम खेळवून सेटचा निकाल लावतात. पूर्वी ही सोय नव्हती. दोनाने पुढे जाईपर्यंत खेळतच राहायचे, मग कितीही वेळ लागो.

आता ज्या बाईसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येते. १९३४ साली विंबल्डनच्या मैदानावर एक मुलगी उतरली. तिचे नाव लीला राव. मुंबईची, १९११ सालचा जन्म. समोर ग्लॅडिस साउथवेल नावाची बाई. पहिला सेट लीला हरली, चार-सहा. घरापासून हजारो मैल लांब, बोटीचा प्रवास करून गेलेली तेविशीच्या आतली पोर. त्या वेळी तिच्या मनात काय आले असेल? दुसरा सेट लांबत गेला. सहा झाले, सात झाले, आठ-आठ झाले. शेवटी तो तिने दहा-आठ असा घेतला. अठरा गेमचा एकटा सेट! तिसरा मग सहा-दोन असा सरळच जिंकला. विंबल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफने तिला हरवले. पण छत्तीस गेम झुंजून मिळवलेला तो पहिला सामना कुणाला पुसता येणार नाही.

मला या गोष्टीत लीलेपेक्षा तिच्या आईचे जास्त नवल वाटते. तिची आई म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. घराणे मूळचे आपल्याच कोकणातले, क्षमाबाईंचा जन्म १८९० सालचा, पुण्याचा. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे मोठे विद्वान. तुकोबांच्या अभंगांची जी गाथा १८६९ साली सरकारच्या मदतीने मुंबईत छापायला घेतली, तिच्या संपादनात त्यांचा हात होता. म्हणजे आषाढीला आपण जे अभंग म्हणतो, ते नीट शुद्ध करून छापणाऱ्यांची ही नात विंबल्डनला खेळली! वडील गेले तेव्हा क्षमाबाई अगदी लहान होत्या. पुढे मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झाले. संसार केला आणि संसार करता करता संस्कृतात काव्ये लिहिली. गांधीजींच्या सत्याग्रहावर ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, तुकोबांचे, ज्ञानोबांचे, रामदासांचे चरित्र संस्कृतात लिहिले. आणि ह्याच बाई टेनिसही चांगले खेळत! संस्कृत श्लोक रचणारी बाई संध्याकाळी हातात रॅकेट घेऊन मैदानावर जाते, हे चित्र मी कितीदा मनाशी आणले. त्याच काळात मुंबईत टाटांच्या घरातल्या लेडी मेहेरबाई टाटाही साडी नेसून टेनिस खेळत. तेव्हा ‘बाईचा पोशाख खेळाच्या आड येतो’ हे कारण निदान आपण देऊ नये.

श्रीमंताघरच्या बायका, त्यांना काय कमी, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही आले. पैसा होता, नोकर होते, मैदान होते, हे खरेच आहे. परंतु त्या काळात पैसा असलेली घरे पुष्कळ होती; विंबल्डनला सामना जिंकून आलेली लेक मात्र ह्या एका घरात निघाली. लीलेने खेळताना पहिली बाई पाहिली असेल ती आपली आई. मला वाटते, फरक तिथे पडला.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. १९६८पर्यंत या चारी स्पर्धांत पैसे न घेता खेळणाऱ्यांनाच प्रवेश असे. त्या सुमारास त्या धंदेवाईक खेळाडूंनाही खुल्या झाल्या, आणि खेळ कितीतरी कठीण झाला. ह्या नव्या काळात मोठ्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोइमतूरची निरुपमा वैद्यनाथन, साल १९९८, मेलबर्न. मग आली सानिया मिर्झा. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादला. २००५ साली न्यूयॉर्कला ती एकेरीत चौथ्या फेरीपर्यंत गेली. दुहेरीत तर तिने सहा मोठी विजेतेपदे मिळवली. तीन पुरुष जोडीदाराबरोबर आणि तीन मार्टिना हिंगिस हिच्याबरोबर, त्यांत २०१५चे विंबल्डन. तिला २०१८ साली मुलगा झाला. त्यानंतर ती पुन्हा मैदानावर आली आणि २०२३ साली मेलबर्नला रोहन बोपण्णाच्या जोडीने अंतिम सामना खेळली. हरली, पण मुलासमोर खेळली. हाच बोपण्णा २०२४ साली त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाची पुरुष दुहेरी जिंकला. आमच्या घरी मी गुडघे धरून ‘आता वय झालं’ म्हटले, की पोरे मला त्याचे नाव ऐकवतात. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले हिने २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत याच बोपण्णाबरोबर सुवर्णपदक मिळवले, तेही सांगून ठेवते.

पैशाचा विषय निघाला आहे तर एक हिशेब सांगते. हा आपल्या बायकांना लगेच कळेल. १९६८ साली विंबल्डनला पुरुषांत रॉड लेव्हर जिंकला, त्याला दोन हजार पौंड मिळाले. बायकांत बिली जीन किंग जिंकली, तिला साडेसातशे. तेच मैदान, तेच गवत, तेच प्रेक्षक! लावणीला गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे आपण कापड्यात पाहतो, तसेच ते. कारण काय सांगत, तर पुरुष पाचपैकी तीन सेट खेळतात, बायका तीनपैकी दोन. आपल्याकडे सांगतात, गडी नांगर धरतो. पण दिवसभर चिखलात कमरेत वाकून कोण असते, हे कुणी मोजत नाही. बिली जीन किंग गप्प बसली नाही. तिने इतर खेळाडूंना एकत्र केले, भांडली, आणि १९७३ साली अमेरिकेच्या स्पर्धेने दोघांना सारखे बक्षीस दिले. विंबल्डनला हे पटायला २००७ साल उजाडले. म्हणजे चौतीस वर्षे! त्या वर्षी सारखे बक्षीस घेणारी पहिली बाई व्हीनस विल्यम्स. ती त्यासाठी आधीपासून झगडतही होती.

आणखी एकच बाई, आणि मग मी घरी येते. ऑस्ट्रेलियात बॅरेलन नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे इव्हॉन गुलागाँग नावाची मुलगी वाढली. तिथल्या मूळ आदिवासींपैकी. वडील मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम करीत, घरात पुष्कळ भावंडे. लहानपणी फळांच्या खोक्याच्या फळीची बॅट करून ती चेंडू मारीत असे. ही पोर १९७१ साली विंबल्डन जिंकली. नंतर लग्न झाले, मुलगी झाली, आणि १९८० साली ती विंबल्डन पुन्हा जिंकली. त्याआधी मूल असलेली बाई तिथे जिंकली होती ती १९१४ साली, सहासष्ट वर्षांपूर्वी. माझ्या वडिलांना ही गोष्ट ठाऊक होती. खोक्याच्या फळीचे ते फार कौतुकाने सांगत.

भगिनींनो, आता जे सांगते ते सांगावे की नाही, यावर मी चार रात्री विचार केला. मी सातवी झाले तेव्हा पुढची शाळा लांब होती. वडिलांनी मला ‘शाळा सोड’ असे एकदाही म्हटले नाही. ते काहीच म्हणाले नाहीत. त्यातच माझी शाळा सुटली. लोकांच्या लेकींसाठी पहाटे मैदानावर पाणी मारणारा माझा बाप, वाईट माणूस नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर असे काही आलेच नाही, एवढेच.

पण मग मी काय केले? दोन वर्षांपूर्वी माझी थोरली शाळेच्या खो-खोच्या संघात निवडली गेली. जुलै महिना. शाळा सुटल्यावर एक तास सराव. तो तास संपेपर्यंत आमच्याकडची एस. टी. निघून जाई, आणि ती अंधार पडता पडता भिजून घरी येई. इकडे लावणीला माणूस मिळेना. हे मुंबईला, सासूबाईंची कंबर धरलेली. मी तिला म्हटले, “शाळा सुटली की सरळ घरी ये.” ‘खेळू नकोस’ असे मीही म्हटले नाही. आठ दिवसांत तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. ती मला काही बोलली नाही. संघ तालुक्याला गेला त्या दिवशी ती माझ्याबरोबर खाचरात आवण लावत होती, आणि तिची ओळ माझ्यापेक्षा सरळ होती, एवढे मला आठवते.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती आजोबांचा एक जुना चेंडू मागच्या पडवीच्या भिंतीवर मारत बसे. धप्, धप्, धप्. मी आतून ओरडे, भिंतीचा गिलावा पडेल म्हणून. एके रात्री तिच्या आतेभावाने फोनवर विंबल्डनचा बायकांचा सामना लावला. आम्ही तिघी, मी, ती आणि सासूबाई, त्या एवढ्याशा काचेत डोकावून बसलो. लेकीने विचारले, “आई, आजोबा असंच कोर्ट करायचे का गं?” मी म्हटले, हो. मग म्हणाली, “आणि तू कधी खेळलीस का त्यांच्या कोर्टावर?” मी म्हटले, “वेडी की काय!” सासूबाई मध्येच म्हणाल्या, “वेडी कशाला? विचारलंन ते बरोबर विचारलंन.” त्यांनी तसे म्हणावे याचे मला अजून आश्चर्य वाटते.

म्हणून हा विषय घेतला, आणि म्हणून मंडळापुढे एक मागणे ठेवते. टेनिसच्या मैदानाची लांबी अठ्ठ्याहत्तर फूट आणि दुहेरीसाठी रुंदी छत्तीस फूट लागते. शाळेमागची मोकळी जागा मी पावलांनी मोजून आले. लांबीला ती कमी पडते, आणि मधे ते आंब्याचे झाड आहे. तेव्हा विंबल्डनचा विचार तूर्त सोडून देऊ. पण खो-खोला, लंगडीला ती पुरते. एका बाजूला दोन खांब पुरून जाळे बांधले तर चेंडूफळीही होईल. टेनिसचे जाळे मध्यभागी तीन फूट उंच असते. तेवढ्याला मासे धरायचे जुने जाळेही चालेल. एका भावजींनी त्यांचे फाटके जाळे द्यायचे कबूल केले आहे. फळ्या सुतारकाकांकडे पडलेल्या आहेत. म्हणजे खर्च खांबांचा आणि चुन्याचा. तो वर्गणीतून व्हावा.

खरी अडचण खर्चाची नाही, तासाची आहे. संध्याकाळी पाच ते सहा मुलींना घरात कुणी हाक मारायची नाही, एवढे आपण बायकांनी ठरवायचे. पाणी, केर, धाकट्याला सांभाळणे, ते त्या तासापुरते आपल्यात वाटून घ्यायचे. आमच्याकडे त्या वेळी पाण्याची कळशी मी आणीन. आणि धाकट्याला सांभाळायला सासूबाई तयार आहेत, त्यांनी तसे मला सकाळीच सांगितले. पावसाळ्यात लावणीचे काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर माझ्याकडे आज तयार नाही. माझ्यासारख्याच अडलेल्या चारपाचजणींनी एकमेकींच्या खाचरात आळीपाळीने जायचे, असे मनात आहे. जूनच्या आधी बसून ते ठरवू.

येत्या सोमवारपासून सुरुवात करावी म्हणते. ज्यांच्या मुली येणार त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. वयाची अट नाही. सुनांची नावेही घेईन. चेंडू आमच्या घरचे आहेत, चार चांगले आणि दोन लव झडलेले.